वाळवणावरचे चिमटे

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक सूचना येते. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी, टेरेसवर पापड, कुरडया, मिरच्या इत्यादी वाळत घालू नये. सूचनेखाली दहा-बारा जण अंगठा दाखवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बी विंगच्या टाकीमागे एक जुनी साडी अंथरलेली असते आणि तिच्यावर साबुदाण्याच्या पापड्या ओळीने मांडलेल्या असतात. त्या बहुधा अंगठा दाखवणाऱ्यांपैकीच कुणाच्या तरी घरच्या. यंदाही तसंच झालं. सूचना मंगळवारी आली, पापड्या बुधवारी.

कॅलेंडरात या ऋतूला नाव नाही. थंडी गेलेली असते आणि उन्हाळा अजून अंगावर आलेला नसतो. घणसोलीत सकाळी खाडीकडून चिखलाचा आणि खारफुटीचा ओला वास येतो, दुपारी दोननंतर त्याच बाजूने वारा सुटतो. दुभाजकातली काही झाडं एकही पान न ठेवता गुलाबी होतात. खाडीत फ्लेमिंगो असतात. लांबून पाहिलं तर पाण्याच्या कडेला कुणी गुलाबी रेघ ओढल्यासारखे. इमारतींमध्ये आवाज कमी होतात, कारण प्रत्येक मजल्यावर कुणाचं तरी दहावी किंवा बारावीचं वर्ष असतं आणि टीव्हीचा आवाज बंद दारांआड कोंडलेला असतो. गच्च्यांवर मात्र वर्दळ वाढते. परीक्षा आणि पापड यांचा हंगाम एकच आहे. दोन्हींना कडक ऊन लागतं आणि दोन्हींची राखण करावी लागते.

या दिवसांत कुठल्याही गच्चीवर चिमटे दिसले की मला दोन वर्षांपूर्वीचा मार्च आठवतो. कपडे वाळत घालायचे साधे प्लास्टिकचे चिमटे, हिरवे, निळे, पिवळे. त्या मार्चमध्ये आमच्याकडे असे एक डबाभर चिमटे होते आणि प्रत्येकावर एकेक प्रत्यय चिकटवलेला होता.

आमचा सेक्टर आणि घणसोली गाव यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. रस्त्याच्या अलीकडे इमारतींना नंबर आहेत, पलीकडे घरांना नावं. पलीकडची घरं एकमेकांना इतकी खेटून उभी आहेत की एका घरच्या फोडणीवर शेजारच्या घरात शिंक येते. त्यातल्याच एका चार मजली घराच्या तळमजल्यावर, जिथे आधी शिवणकामाचं दुकान होतं, त्या खोलीत नलिनी मॅडमचा वाचनाचा वर्ग भरत असे. मॅडम महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. घर सुरेखाताईंचं. वरच्या तीन मजल्यांवर भाडेकरू आणि त्यांचं स्वतःचं कुटुंब. तळमजला रिकामा पडला तेव्हा त्यांनी मॅडमना सांगितलं की वापरा, फक्त चपला दारात काढायच्या आणि पोरांनी नळ उघडा टाकायचा नाही. त्यांच्या दोन्ही मुली त्याच वर्गात येत.

वर्ग चार ते साडेपाच. चौथी-पाचवीची बारा मुलं. यांना अक्षरं येत होती. बाराखडी विचारली तर सगळी एका दमात म्हणत. पण पुस्तकात ‘विहिरीजवळच्या’ असा शब्द आला की भिंत आल्यासारखी थांबत. काही जण पहिल्या दोन अक्षरांवरून अंदाज करत, काही जण खिडकीबाहेर बघत. मॅडमचं म्हणणं साधं होतं. त्या मुलांना सांगत, “मोठा शब्द मोठा नसतो रे. छोटाच असतो. त्याच्याकडे पाहुणे आलेले असतात.”

मग पाहुणे ओळखायचे. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधलेली होती. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांची कार्डं केली होती. कार्डावर पुढच्या बाजूला मूळ शब्द: शाळा, पाऊस, मासा, विहीर, खाडी. प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं, ते बदललेलं रूप कार्डाच्या मागच्या बाजूला: शाळे, पावसा, माशा, विहिरी. प्रत्यय चिमट्यांवर: ला, ने, चा, ची, चे, च्या, त, हून, साठी, जवळ. मुलाने कार्ड उचलायचं, उलटं करायचं, योग्य चिमटा लावून दोरीवर टांगायचं आणि मोठ्याने वाचायचं. व्याकरणात ‘ला’ आणि ‘जवळ’ यांची घरं वेगळी आहेत हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी दोघांना एकाच डब्यात ठेवलं होतं. वेगळा डबा सातवीत मिळेल, असं त्या म्हणत.

मीही निवृत्त, म्हणून तिथे मदतीला जात असे. वर्गात माझं काम चिमट्यांवर कागद चिकटवणं आणि रोज दोन-तीन मुलांना शेजारी बसवून वाचायला लावणं. अठ्ठावीस वर्षं एका दैनिकात उपसंपादक म्हणून काम केल्यामुळे अक्षर बरं होतं आणि नोंदी ठेवायची सवय होती. मॅडमनी ओळख करून देताना ‘हे पेपरात होते’ असं सांगितलं. त्याचा मुलांनी आपापला अर्थ लावला. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं की आजोबा, तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये का नाही टाकत पेपर. तेव्हापासून माझं नाव पेपरवाले आजोबा पडलं. ‘वाला’चा चिमटा त्या आठवड्यात सर्वांत लोकप्रिय होता. रिक्षावाला, सुकटवाली, खाडीवाला, ट्युशनवाली. एक मुलगा तर फ्लेमिंगोवालापर्यंत पोचला. फ्लेमिंगोवाला म्हणजे कोण, तर रविवारी मोठा कॅमेरा घेऊन चिखलात उभा राहतो तो.

फ्लेमिंगोच्या कार्डाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ते उलटं केलं तरी मागे फ्लेमिंगोच. बस, ट्युशन, स्टेशन यांचंही तेच. मुलांना या शब्दांचं फार कौतुक वाटलं. हे कुणाकडे गेले तरी कपडे बदलत नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

‘पणा’चा दिवस मला विशेष आठवतो. वेडेपणा, मोठेपणा, शहाणपणा झाले. मग तन्वीने, म्हणजे सुरेखाताईंच्या धाकट्या मुलीने, ‘दिदी’ असं कार्ड स्वतः लिहून त्याला ‘पणा’ लावला आणि दोरीवर टांगलं. दिदीपणा. मॅडमनी विचारलं, म्हणजे काय ग. तन्वी म्हणाली, “रिमोट देत नाही तो.”

वर्ग हसला. दिदी हसली नाही.

दिदी म्हणजे भाविका, तन्वीहून एका वर्षाने मोठी. तन्वी चौथीत, भाविका पाचवीत. तन्वीला या वर्गाची गरज नव्हती. ती दुकानांच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं, भाडेकरूंच्या दारावरची कुरिअरची चिठ्ठी, सगळं वाचून मोकळी होई. ती यायची कारण दिदी यायची. भाविका दाराजवळ बसे. चिमटा लावायला सांगितला तर कधीच चुकत नसे. कार्ड उलटं करायचं, डब्यात हात घालायचा, नेमका चिमटा काढायचा, टांगायचं. मोठ्याने वाचायची वेळ आली की ती ओठ आत घेई आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राही.

पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, तीही हुकली तर तोच वर्ग. इतर मुलांच्या घरी याचा अर्थ एक वर्ष जाणं. भाविकाच्या घरी याचा अर्थ वेगळा होता. जूनमध्ये तन्वी पाचवीत येणार होती. शाळेत पाचवीची तुकडी एकच. तिच्या वडिलांनी जेवताना एकदा गमतीत म्हटलं होतं, “बरंच हाय की. दोघी एका वर्गात, पुस्तक एकच लागल.” घरात सगळे हसले. हे मला तन्वीनेच सांगितलं, तेही हसत. मग आवाज खाली आणून तिने पुढचं सांगितलं: त्या रात्री दिदी भिंतीकडे तोंड करून झोपली आणि पांघरुणातून म्हणाली की तुझ्या बाकावर मी बसणार नाय, त्यापेक्षा शाला सोडीन.

एकाच घरातल्या दोन बहिणी, अकरा आणि दहा वर्षांच्या. त्यांच्यात एका इयत्तेचं अंतर होतं आणि मोठीकडे मोठेपणाचा तेवढाच एक पुरावा होता.

इथे माझी एक चूक नोंदवायला हवी. वर्गाच्या पहिल्या आठवड्यात भाविका माझ्याशेजारी बसून वाचायला लागली होती. ‘विहिरीचं पाणी’ असं पुस्तकात होतं. तिने ‘विहिरीचं पानी’ असं वाचलं. मी म्हणालो, पाणी. पुढच्या ओळीत ‘शाला’. मी म्हणालो, शाळा. मग ‘कोन’. मी म्हणालो, कोण. गावात जन्मलेल्या माणसांच्या तोंडी ण नाही आणि ळ क्वचितच, हे मला ठाऊक होतं. पण अठ्ठावीस वर्षं ज्या हाताने दुसऱ्यांच्या मजकुरावर खुणा केल्या तो हात विचार करून उठत नाही. चौथ्या दुरुस्तीला तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पुस्तक मिटलं आणि उठून दाराजवळ जाऊन बसली. त्यानंतर माझ्या वहीत तिच्या नावापुढे तोच शेरा आहे: वाचलं नाही. हा शेरा मी महिनाभर, जवळजवळ रोज, वळणदार अक्षरात लिहिला.

मॅडमनी वही एकदा चाळली आणि विचारलं, “तुम्ही तिला वाचायला सांगता की बोलायला?”

मी म्हणालो की परीक्षेत तोंडी वाचनालाही गुण असतात, तिथे कुणीतरी टोकणारच. मॅडम म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा. आधी वाचू तर द्या. मला ते तेव्हा पटलं नाही. मी विषय बदलला.

होळीसाठी वर्गाला दोन दिवस सुट्टी होती. गावातली होळी मोठी असते. संध्याकाळी मी रस्ता ओलांडून बघायला गेलो. मैदानात उंच होळी उभारली होती, बायका नऊवारी नेसून, हातात हात घालून फेर धरत होत्या आणि गाणं म्हणत होत्या. एक बाई ओळ सांगे, बाकीच्या ती उचलत. मग लहान मुलींचा फेर झाला आणि ओळ सांगायला जी उभी राहिली ती भाविका होती. आवाज खणखणीत. लांबलचक ओळी, त्यात देवीची, गावाची, नात्यातल्या माणसांची नावं, एकामागून एक, कुठेही न अडखळता. सगळे ण न होते आणि सगळे ळ ल. ओळ संपायच्या आत फेर ती उचलत होता. मी बराच वेळ उभा होतो. त्या दिवशी वही बरोबर नव्हती.

(काल संध्याकाळी आमच्या टेरेसवर एक हिरवा चिमटा पडलेला दिसला. वाकून उचलला आणि उलटा करून पाहिला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. टाकीच्या कठड्यावर ठेवून दिला.)

होळी झाली की त्या गल्लीत वाळवण सुरू होतं. पद्धत अशी की पाच घरच्या बायका एकत्र येतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. कुणाकडे पोह्यांचे पापड, कुणाकडे तांदळाच्या फेण्या, कुणाकडे मिरगुंडं. लाटायला सगळ्या, वाळत घालायला मात्र सुरेखाताईंची गच्ची, कारण ती गल्लीत सर्वांत उंच आहे आणि खाडीचा वारा तिथे आधी लागतो. पाच घरांचं वाळवण एकाच गच्चीवर. संध्याकाळी गोळा करताना दर वर्षी भांडण, कारण सगळं पांढरं, सगळं गोल आणि सगळं एकाच मापाच्या वाटीने कापलेलं. आदल्या वर्षी शेजारच्या काशीमावशी आणि समोरच्या लताकाकी एका डब्याभर फेण्यांवरून पाडव्यापासून गणपतीपर्यंत बोलत नव्हत्या. गणपतीत बोलल्या, तेही आरतीला टाळ एकच होता म्हणून.

होळीनंतर चार-पाच दिवस भाविका वर्गाला आली नाही. तन्वीने सांगितलं की दिदी पापड राखते. कावळे फार झालेत. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मॅडमनी डबा उघडला आणि तो रिकामा होता. चिमटा एकही नाही. कार्डं जागेवर, दोरी जागेवर, प्रत्यय गायब. मुलांना फार आनंद झाला. आज फक्त मूळ शब्द, असं एकाने जाहीर केलं आणि ‘मी शाळा जातो, मी मासा खातो’ असं बोलायला सुरुवात केली. बघता बघता सगळी खोली तसंच बोलू लागली. मॅडमनी तन्वीकडे पाहिलं. तन्वी छताकडे बघत होती. मग म्हणाली, आईने नेले. वारा येतो ना.

इतक्यात सुरेखाताई पिठाचे हात पदराला पुसत जिन्यावरून खाली आल्या. मॅडमनी शांतपणे विचारलं की ताई, त्यांच्यावर चिठ्ठ्या होत्या, दिसल्या नाहीत का. त्या म्हणाल्या दिसल्या, पण चिमटा तो चिमटा. साड्या उडत होत्या, डबा हाताशी होता. मग जरा थांबून म्हणाल्या, “मॅडम, तुमचे शब्द उडाले तर दुसरे लिवाल. माजे पापड उडाले तर?”

आम्ही चिमटे बघायला वर निघालो. मॅडम, मी, मागे बारा मुलांतली अकरा, आणि सर्वांत मागे सुरेखाताई, आणते मी आणते मी म्हणत.

तिसऱ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणारा जिना अरुंद आहे. मॅडम दारात थांबल्या आणि मागे हात करून आम्हाला थांबवलं.

गच्चीवर आठ-नऊ साड्या अंथरलेल्या होत्या. काठांवर दगड, दगडांखाली घड्या घातलेली जुनी वर्तमानपत्रं. प्रत्येक साडीच्या डोक्याशी दोन विटा आणि विटांवर बांधलेली सुतळी, सुतळीला चिमट्याने लटकवलेला पुठ्ठा. पुठ्ठे बिस्किटाच्या खोक्यांचे होते. त्यांवर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं आणि चिमटे आमचे होते. काशीमावशी, आणि पुढे चिमटा: चे. त्या साडीवर पापड. लताकाकी, च्या. त्या साडीवर फेण्या. पुढच्या साडीवर मिरगुंडं आणि तिच्या चिमट्यावर: ची. एकही प्रत्यय चुकलेला नव्हता.

मी जवळून पाहिलं तेव्हा कळलं की काही चिमट्यांवरचे कागद बदललेले आहेत. मी ‘चे’चे फक्त दोन चिमटे केले होते. तिथे पाच होते. जादा तिन्हींवर नवी चिठ्ठी होती आणि तिच्या कडेने खालची जुनी अक्षरं डोकावत होती: खोर, दार, पणा. नंतर मी तिला विचारलं की नेमके हेच तीन का झाकले. ती म्हणाली, त्यांचा पापडाला उपेग नाय.

गच्चीच्या टोकाला, टाकीच्या सावलीत, हातात बांबूची काठी घेऊन भाविका बसली होती. तिच्यासमोर एक छोटी चिंधी, तिच्यावर मोडके पापड, आणि त्या चिंधीलाही पुठ्ठा होता. वाऱ्याने तो फिरत होता त्यामुळे दोन्ही बाजू दिसत होत्या. एका बाजूला ‘कावला’. उलट्या बाजूला ‘कावल्यां’ आणि चिमटा: ना. खालच्या खोलीतली पद्धत तिने जशीच्या तशी वर आणली होती.

काशीमावशी आमच्या आधीच वर आलेल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं नाही. त्या कमरेवर हात ठेवून फेण्यांच्या साडीसमोर उभ्या होत्या.

“या माज्या फेन्या गो.”

“तुज्या नाय. लताकाकीच्या,” भाविका बसल्या जागेवरून म्हणाली. “वाच तिकडं.”

“मना कुठं वाचाला येतं? तूच वाच.”

भाविका उठली. काठी हातातच होती. एकेका पुठ्ठ्यावर काठीचं टोक ठेवत तिने वाचायला सुरुवात केली. काशीमावशीचे. लताकाकीच्या. आईची. आमचे. परत काशीमावशीचे. स्टेशनवर गाडी जाहीर करतात तसा आवाज. शेवटी चिंधीपाशी येऊन, कावल्यांना. मागे जिन्यात मुलं हसायला लागली, मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

काशीमावशी सहजासहजी मानणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, हे तर तूच लिवलंस, तुना पाठ असनार. त्यांनी वाकून दगडाखालचं एक वर्तमानपत्र ओढून काढलं, झटकलं आणि तिच्यापुढे धरलं. हा वाच बघू.

गच्चीवर वारा होता, कागद फडफडत होता. भाविकाने काठी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पान धरलं. मी होतो तिथून मला मथळा दिसत होता. तीन कॉलमी, आतल्या पानावरचा. माझ्या शेजारी मॅडम उभ्या होत्या. सुरेखाताई आमच्या खांद्यांवरून बघत होत्या.

“पानी... पुर... वठा,” भाविका म्हणाली. मग एका दमात, “पानीपुरवठा.”

दुरुस्ती माझ्या दातांपर्यंत आली होती. मी ती तिथेच ठेवली.

पुढचा शब्द लांब होता. भाविका थांबली. मग तिने उजव्या हाताचा अंगठा त्या शब्दाच्या शेपटीवर ठेवला, अर्धा शब्द झाकला आणि वाचलं, दुरुस्ती. अंगठा उचलला. साठी. “दुरुस्तीसाठी शुक्रवारी बंद.”

“शुक्रवारी?” काशीमावशी म्हणाल्या. “म्हंजे आज? अगो, मंग पानी भराला पायजे. पिंप रिकामा हाय माजा.” आणि त्या पापड, फेण्या, लताकाकी सगळं विसरून जिन्याकडे वळल्या. तिथे आम्ही चौदा जण उभे होतो.

“मावशी, पेपर जुना आहे,” तन्वी पुढे येऊन म्हणाली. “तारीख बघ ना. मागच्या महिन्यातला.”

मग मात्र कुणाला आवरलं नाही. काशीमावशी स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून हसल्या. सुरेखाताई हसता हसता पदर तोंडाला लावून लेकीकडे बघत राहिल्या. भाविकाने आम्हाला तेव्हा पाहिलं. तिने पेपर पाठीमागे लपवला, मग काढला, नीट घडी घातली आणि पुन्हा दगडाखाली ठेवला.

मी हजारो मथळे लावले. कुठला मथळा वाचून कुणी जागचं उठलं, हे मला कधी बघायला मिळालं नव्हतं. महिनाभर जुनी, पापडाखालची बातमी एका बाईपर्यंत पोचली आणि ती पाणी भरायला निघाली. ण त्यात कुठेही आडवा आला नाही.

चिमटे काढले असते तर साड्या उडाल्या असत्या. म्हणून मॅडमनी निर्णय घेतला की वाळवण होईपर्यंत वर्ग गच्चीवर भरेल. दहा-बारा दिवस तसा भरला. ऊन कलल्यावर, टाकीच्या सावलीत. मुलं आळीपाळीने कावळे हाकत आणि आळीपाळीने वाचत. खाडीकडची गुलाबी रेघ भरतीला जवळ येई, ओहोटीला लांब जाई. पुस्तकांच्या पानांवर तांदळाचं पीठ बसे. मोडका पापड कच्चा खाण्यात काय गंमत आहे हे त्या दिवसांत मला कळलं. भाविका हातात काठी असली तरच वाचे, म्हणून काठी तिच्याकडेच असे. लांब शब्द आला की अंगठा ठेवायचा, मूळ शब्द वाचायचा, अंगठा उचलायचा. पाठ्यपुस्तकातले सगळे धडे तिने त्या गच्चीवर तिच्याच बोलीत वाचून काढले. मी शेजारी बसत होतो आणि माझं काम तोंड बंद ठेवण्याचं होतं. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांतलं पुस्तकातलं कुठलं, हे तिला नीट ठाऊक आहे हेही एक दिवस कळलं. शुद्धलेखनाला तिने ‘पाणी’च लिहिलं. मी वही बघतोय हे पाहून म्हणाली, “लिवाचा असा. बोलाचा तसा.”

त्या वर्षी गल्लीत भांडण झालं नाही. पाच घरचं वाळवण पाच घरी गेलं. लताकाकींनी फक्त एवढंच म्हटलं की माझ्या नावाचं अक्षर काशीपेक्षा बारीक काढलंय.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तोंडी वाचनाच्या दिवशी भाविकाने काठी नेता येईल का असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, अंगठा ने. पेपर झाल्यावर ती काही सांगत नव्हती आणि आम्ही विचारत नव्हतो. तन्वी मात्र रोज जाता-येता, बाकावर खिडकीची बाजू माझी, असं म्हणत राहिली. मेपर्यंत ऊन असं तापलं की गच्चीवर पाय ठेवता येईना. वाळवणाचे डबे भरून माळ्यावर गेले, चिमटे परत डब्यात आले. त्यांच्या फटींत पीठ तसंच होतं.

निकाल मेच्या पहिल्याच दिवशी होता. संध्याकाळी मॅडम आणि मी खोली आवरत होतो. सुट्टीत वर्ग बंद राहणार होता. कार्डं काढून झाली होती, दोरी तेवढी बांधलेली होती. भाविका दारात आली. चपला काढल्या. हातात घडी घातलेला कागद होता, तो तिने दाखवला नाही. आम्हीही हात पुढे केला नाही.

तिने कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून एक कोरं कार्ड घेतलं, टेबलावर वाकून काहीतरी लिहिलं. कार्ड उलटं केलं, जरा विचार केला आणि मागेही तेच लिहिलं. डब्यात हात घातला. न बघता एक चिमटा काढला. दोरीच्या मधोमध कार्ड टांगलं आणि बाजूला झाली.

सहावी. चिमट्यावर: त.

“वाच,” मॅडम म्हणाल्या.

“सहावीत,” भाविका म्हणाली.

मागून तन्वी धावत आली. तिने दोरीकडे पाहिलं, एक कार्ड ओढलं, भराभर ‘पाचवी’ लिहिलं, डब्यातून दुसरा ‘त’ शोधला आणि दिदीच्या कार्डाला अगदी खेटून आपलं टांगलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली की आता बाकावर एकटीने बसायचं, चांगलंय.

भाविकाने आपलं कार्ड सोडवलं. दोरीवरून हातभर पुढे सरकवलं. तिथे पुन्हा लावलं, मागे येऊन पाहिलं, आणि मधली जागा बरोबर वाटल्यावर हातातला कागद मॅडमच्या हातात दिला.